बेचाळिसावी तक्रार

“‘खेदजनक’ नको. ‘संतापजनक’ लिही,” आई म्हणाली.

मी ‘खेदजनक’ खोडलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही दोघं बसलो होतो. ती गवार मोडत होती आणि मी विमान कंपनीला द्यायच्या तक्रारीचा कच्चा मसुदा करत होतो. भाऊमामाला, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, जाऊन सोळा दिवस झाले होते. तेरावं आटोपून ती आदल्या दिवशीच नागपूरहून पुण्याला परतली होती, आणि तीही रेल्वेने. विमानाचं तोंड पुन्हा बघणार नाही, असं तिने गिरीशला, म्हणजे मामाच्या मुलाला, निक्षून सांगितलं होतं.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो आणि पिंपरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. कोण किती मिनिटं उशिरा आला ते बघायचं आणि त्याच्या नावापुढे लाल रेघ मारायची, हा माझा पोटाचा धंदा. पेठेत मला ‘तक्रार हेंद्रे’ म्हणायचे. गॅसवाला, दूधवाला, नळाचं पाणी, शिवण उसवलेली चप्पल, मी कोणालाच सोडलं नव्हतं. माझी एक फाईल होती. तीत प्रत्येक तक्रारीला क्रमांक आणि खाली ‘निकाली’ किंवा ‘प्रलंबित’ असा शेरा. एक्केचाळीसपैकी तेहतीस निकाली होत्या. आमच्या लग्नाच्या पत्रिकेत छापखान्याने काना गाळला, तर मी त्याला हळदीच्या दिवशी पत्र लिहिलं होतं. माझी बायको शैला म्हणते, तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यामुळे बेचाळिसावी तक्रार लिहायला मला कोणी आग्रह करायची गरज नव्हती. पण या वेळी आग्रह आईचा होता, आणि तिने जन्मात कोणाची तक्रार केलेली नव्हती. वडिलांचीसुद्धा नाही, आणि तिथे तर वाव भरपूर होता.

झालं होतं ते असं. मामा तीन दिवस नागपूरच्या दवाखान्यात होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी गिरीशचा फोन आला, की दादा, आत्याला घेऊन या, बाबा सारखे विचारतायत, गोदावरी निघाली का. गोदावरी हे आईचं माहेरचं नाव. लग्नात वडिलांनी तांदळाच्या ताटात अंगठीने ‘सुनंदा’ लिहिलं आणि त्या दिवसापासून ती सगळ्या जगाला सुनंदा झाली. फक्त भाऊमामाने ते मानलं नाही. मांडवातच तो माझ्या वडिलांच्या वडिलांना म्हणाला होता, “तुम्ही तुमचं नाव ठेवा. मी माझ्या बहिणीला माझ्या नावाने हाक मारणार.” आणि चोपन्न वर्षं त्याने तो हट्ट चालवला. त्याचं पोस्टकार्डसुद्धा ‘चि. सौ. गोदावरीस’ असं यायचं आणि वडील ते टेबलावर उपडं ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या विमानात एकच जागा शिल्लक होती. तिच्यावर आईला बसवायचं आणि मी दुपारच्या गाडीने निघायचं असं ठरलं. आईचा हा पहिला विमानप्रवास, वय बहात्तर. मी तिला एका कागदावर मोठ्या अक्षरात सूचना लिहून दिल्या. जागेवरून उठायचं नाही. अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही. कंपनीची मुलगी स्वतः येऊन ‘चला’ म्हणेल तेव्हाच उठायचं. विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या दारात गणवेशातल्या एका मुलीला मी सांगितलं, की आईकडे लक्ष ठेवा. ती हो म्हणाली. आई आत गेली, काचेआडून एकदा हात केला, आणि मी रिक्षा पकडून घरी आलो.

विमान साडेआठला सुटायचं ते दहा वीसला सुटलं. आई साडेबाराला दवाखान्यात पोचली. मामा बारा पाचला गेला.

पंचवीस मिनिटं. माझा तर सगळा जन्म मिनिटांत गेलेला, पण एवढी जड पंचवीस मिनिटं मी कधी पाहिली नव्हती. गिरीश सांगत होता, की दहापासून बाबा विचारत होते, उतरली का, उतरली का. पावणेबाराला त्यांनी विचारणं थांबवलं. गिरीशने हे आईच्या समोर सांगायला नको होतं, पण नुकताच बाप गेलेलं पोरगं ते, त्याला तरी काय बोलणार.

“त्याला वाटलं असेल, मी निघालेच नाही,” आई गवारीच्या शेंगेची शीर ओढत म्हणाली. “हे लिही. हेसुद्धा लिही.”

हे तक्रारीत बसत नाही असं मी म्हटलं नाही. लिहून घेतलं. बाकीचे मुद्दे तिला विचारून विचारून काढले होते. एक, विमान एक तास पन्नास मिनिटं उशिरा सुटलं. दोन, उशिराचं कारण प्रवाशाला सांगितलं नाही. तीन, एका मुलीने येऊन नाव विचारलं, आईने नाव सांगितलं, तरी तिला तशीच बसवून ठेवलं. चार, बाकी सगळे विमानात जाऊन बसल्यावर ज्येष्ठ नागरिक असलेल्या महिलेला सर्वांत शेवटी नेलं. पाचवा मुद्दा आईने घातला. विमानातले लोक इतके वैतागले होते की ती आत गेल्यावर सगळे तिच्याकडे बघत होते, ती म्हणाली. मी लिहिलं, ‘इतर प्रवाशांतही तीव्र असंतोष होता.’

शेवटी ती म्हणाली, “मला त्यांच्याकडून काही नको. त्यांनी एका कागदावर लिहून द्यावं, की चूक आमची, बाईंची नाही. तो कागद मी त्याच्या फोटोखाली ठेवणार.”

तेवढ्यासाठी ती तक्रार होती. खाली तिने सही केली, सुनंदा केशव हेंद्रे.

कंपनीचं शहरातलं कार्यालय तेव्हा एका बँकेच्या वरच्या मजल्यावर होतं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी तिथे गेलो. तारळेकर नावाच्या एक बाई व्यवस्थापक होत्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी भांडायच्या तयारीनेच गेलो होतो, पण त्यांनी पाणी मागवलं, सगळी तक्रार शेवटपर्यंत वाचली आणि मामाबद्दल वाईट वाटलं असं म्हणाल्या. मग सहीकडे बोट दाखवून म्हणाल्या, की त्या दिवशीच्या यादीत या नावाचा प्रवासीच नाही.

मी म्हटलं, नसेल. तिकीट ओळखपत्रावरच्या नावाने काढलंय. ओळखपत्रावर गोदावरी हेंद्रे आहे.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. आईचे कागद म्हणजे सावळा गोंधळ होता. शाळेच्या दाखल्यावर गोदावरी, रेशनकार्डावर सुनंदा. त्याच्या पाच वर्षं आधी तिचं ओळखपत्राचं कार्ड काढताना मी बसून सगळं एकसारखं केलं. जुना पुरावा शाळेचा, म्हणून सगळीकडे गोदावरी. कागद एकाच तोंडाने बोलला पाहिजे, हे माझं लाडकं वाक्य. वरचं नाव वाचून न दाखवता आईला एका चौकटीत सही करायला लावली तेव्हा ती हसली होती, शाळेत गेल्यासारखं वाटतंय म्हणाली होती. नंतर ते कार्ड माझ्या कपाटात, माझ्या फायलीत. तिने ते पुन्हा कधी हातात धरलं नाही. विमानतळावरही दारातल्या शिपायाला आणि सामान देताना खिडकीवर ते मीच पुढे केलं, कारण खिडकीपर्यंत मी गेटपास काढून तिच्याबरोबर गेलो होतो. ते परत मीच माझ्या खिशात ठेवलं आणि तिच्या हातात इंग्रजीतला बोर्डिंग पास दिला.

‘गोदावरी’ ऐकल्यावर तारळेकर बाईंनी चष्मा वर सरकवला. मग त्यांनी संगणकावर काहीतरी शोधलं, एक पान छापून काढलं आणि माझ्यापुढे ठेवायच्या आधी म्हणाल्या, “हेंद्रेसाहेब, हे मी तुम्हाला दाखवायला नको. पण तुम्ही वाचलेलं बरं.”

त्या दिवसाची विमानतळावरची नोंद होती ती. सगळी मिनिटं लिहिलेली. सात पंचावन्नला पहिली घोषणा, प्रवासी गोदावरी हेंद्रे. आठ पाचला दुसरी. आठ बाराला तिसरी. आठ वीसला चौथी. मग, कर्मचाऱ्याने प्रवाशांत शोध घेतला, दरवाजाजवळ बसलेल्या एकट्या वृद्ध महिलेस नाव विचारले, तिने सुनंदा असे सांगितले. प्रवासी बेपत्ता, सबब तिचे सामान विमानातून उतरवण्यास सुरुवात. आठ अठ्ठेचाळीसला सफाई करणाऱ्या बाईने त्या वृद्ध महिलेच्या हातातला बोर्डिंग पास बघितला आणि धावत जाऊन सांगितलं. तिला विमानात बसवेपर्यंत नऊ वाजले. नऊ ते दहा धावपट्टी दुसऱ्या कामासाठी बंद. अर्ध्या तासाचे दोन तास झाले ते असे.

मी ते पान दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मला माझे पाच मुद्दे दिसायला लागले. नाव विचारलं, सांगितलं, तरी नेलं नाही. सर्वांत शेवटी नेलं. सगळे तिच्याकडे बघत होते.

तारळेकर बाई म्हणाल्या, त्यांच्याकडूनही चूक आहेच. दारातल्या मुलीने हो म्हटलं होतं, तिने बघायला हवं होतं. बोर्डिंग पास आधीच मागून बघायला हवा होता. “तुम्ही तक्रार दिलीत तर मी घेणार. चौकशी होणार. पण लेखी तक्रारीला लेखी उत्तर जातं, आणि ते प्रवाशाच्या नावाने घरी जातं. त्यात उशिराचं कारण लिहावंच लागतं.” त्यांनी शिक्क्याचा ठोकळा हातात घेतला होता, तो परत डबीवर ठेवला. “काय करू? मारू शिक्का?”

उभ्या जन्मात मी कोणाला ‘थांबा’ म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं. कागद घडी करून खिशात घातला आणि जिना उतरलो.

घरी जायचं सोडून मी संभाजी बागेत एका बाकावर दीड तास बसलो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी लोकांना फार सुनावलंय. आता बाब्या माझाच होता. नाव मी बदललं होतं. कार्ड मी खिशात घातलं होतं. ‘जागेवरून उठायचं नाही’ हे मी लिहून दिलं होतं, तेही मोठ्या अक्षरात. कंपनीने त्या बाईला चार वेळा बोलावलं आणि मी तिला बसून राहायला शिकवलं. मला त्या बाकावर माझी फार लाज वाटली. आणि भीतीही वाटली, कारण एक कागद घरी आला असता आणि त्यावर लिहिलेलं असतं की सुनंदाबाई, तुम्ही उठला नाहीत म्हणून तुमचा भाऊ वाट बघत गेला. पत्र इंग्रजीत असतं, पण घरात वाचून दाखवणारे होतेच. गिरीशही फोनवर रोज विचारत होता, कंपनी काय म्हणते.

पण न सांगावं, तर ती रोज विचारणार होती. कागद आला का. फोटोखालची जागा तिने पुसून ठेवली होती. शेवटी मी ठरवलं, की खरं सांगायचं आणि दोष माझ्यावर घ्यायचा. ती चिडेल, रडेल, पण माझ्यावर चिडेल, स्वतःवर नाही. माझं सगळं आयुष्य ‘ज्याची चूक त्याच्या पदरात’ या एका नियमावर चाललं होतं. तो नियम आता मला लागू करायचा होता, एवढंच.

घरी आलो तेव्हा आई देवापाशी वाती वळत बसली होती. शैला भाजी आणायला गेली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. ती लगेच म्हणाली, “घेतली का तक्रार?”

सरळ सुरुवात करायची माझी हिंमत झाली नाही. मी आडून गेलो. “आई, तू तिथे बसली होतीस ना, तेव्हा त्यांनी कर्ण्यावरून कोणाचं नाव पुकारलं होतं का?”

“कसलं नाव?”

“गोदावरी,” मी म्हणालो.

तिचे वाती वळणारे हात थांबले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. किती वेळ, ते मी मिनिटांचा माणूस असूनही सांगू शकणार नाही. मग तिने हातातली वात पूर्ण केली आणि डब्यात ठेवली.

“हे मी कोणाला सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली. “तू हसशील म्हणून. मी बसले होते. बाईचा आवाज होता, इंग्रजी बोलत होती. आणि मधेच ‘गोदावरी’. माझ्या अंगावर काटा आला. चोपन्न वर्षांत त्याच्याशिवाय कोणाच्या तोंडून ते नाव ऐकलं नाही मी. मला वाटलं, भाऊ हाक मारतोय. तिकडे पडल्या पडल्या. पुढे ती बाई काय बोलली ते मी ऐकलंच नाही, डोळे मिटले आणि म्हटलं, येते रे, निघाले, दम धर. परत थोड्या वेळाने हाक आली. अशी चार वेळा.” तिने चार बोटं दाखवली. “चारही वेळा मी ओ दिली. मनातल्या मनात.”

सांगायचं म्हणून जे जुळवून आणलं होतं, त्यातला एक शब्द तोंडातून फुटला नाही. आता काय सांगणार, की ती हाक नव्हती, घोषणा होती? की ओ मनात न देता तोंडाने दिली असतीस तर? तिच्याकडे भावाचं शेवटचं म्हणून काय होतं, तर त्या चार हाका.

मग तीच म्हणाली, “ती तक्रार दे इकडे.”

मी खिशातून कागद काढून दिला. तिने तो उलगडला, आपल्या सहीपर्यंत नजर फिरवली आणि परत घडी घातली.

“नको करूस,” ती म्हणाली. “विमान वेळेवर सुटलं असतं, तर मला हाक कुठे ऐकू आली असती? राहू दे. गिरीशला मी सांगते.”

मी सुटलो. खोटं कशाला बोलू, मला इतकं हलकं वाटलं की मी उठून चहा टाकला, जो मी कधी टाकत नाही. ते गुपित मी एकट्याने पेलायचं, आईला कळू द्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं. मला स्वतःबद्दल थोडं बरंही वाटलं. फाईलमध्ये बेचाळीस नंबरपुढे मी ‘निकाली’ लिहिलं. तिथून पुढे माझ्या तक्रारी कमी होत गेल्या. शैलाला वाटलं, वय झालं.

तीन वर्षांनी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डोळ्यांच्या दवाखान्यात कार्ड दाखवणं भाग होतं. मी खिडकीवर जाऊन हळूच म्हटलं, की नाव पुकारू नका, मी इथेच उभा आहे, मलाच सांगा. खिडकीवरची मुलगी बरं म्हणाली. मग तिची पाळी संपली आणि दुसरी आली. मी आईसाठी पाणी घेऊन वळतो तोच मोठ्याने आवाज आला, “गोदावरी हेंद्रे. गोदावरी हेंद्रे आहेत का?”

बाकावर पंधरा-वीस म्हातारी माणसं बसली होती. त्यांच्यातून आई उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “चल रे, मला बोलावतायत.”

तिचा हात धरून मी चालायला लागलो. चार पावलं गेल्यावर मी तिला विचारलं, “आई, तुला माहीत होतं?”

“काय?”

“कार्डावर हे नाव आहे ते.”

“तू विचारलंस त्या दिवशी कळलं,” ती म्हणाली. ती खाली बघून, पाय जपून टाकत होती. “तुझं तोंड इतकंसं झालं होतं. मला काय समजेना होय? ते कार्ड कोणी केलं, सूचनांचा कागद कोणी लिहिला. तक्रार पुढे गेली असती, तर कोणावर आली असती?”

मी तिथेच थांबलो. तिने माझा हात ओढला.

“मग त्या हाका?” मी विचारलं. “चार वेळा?”

“त्या त्याच्याच,” आई म्हणाली. “नाव त्याचंच होतं ना.”

मुलगी दार धरून उभी होती. तिने विचारलं, आजी, गोदावरी तुम्हीच ना? आईने मोठ्याने ओ दिली आणि आत गेली.